तिसरं विचारणं

सहोदरा संघात कुणालाही पद द्यायचं तर तिला तीनदा विचारायचं, ही आमची जुनी रीत. पहिल्या दोन वेळा तिनं 'नको' म्हणायचं आणि तिसऱ्या वेळी उठून 'बरं, तुमची इच्छा' म्हणायचं. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं. संघाच्या पहिल्या अध्यक्षा दोनदा नको म्हणाल्या आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर रडत हो म्हणाल्या, एवढीच त्यामागची हकिकत. पुढं जुन्या बायकांनी या रीतीला एक वाक्य जोडून दिलं: पहिलं विचारणं मानाचं, दुसरं मनाचं, तिसरं कामाचं. आणि विचारायचं ते तिच्या थोरलीनं.

थोरली म्हणजे काय, तेही सांगायला हवं. संघ सुरू झाला मुलींच्या एका वसतिगृहात. गावाहून आलेल्या, घाबरलेल्या मुलीला वरच्या वर्गातली एक मुलगी बहीण म्हणून नेमून द्यायचे. ताप आला तर जवळ बसायला, परीक्षेच्या दिवशी हलवून उठवायला. ती थोरली आणि ही धाकटी. संघ देशभर पसरला, दिल्लीत मुख्य कचेरी झाली, मुली नोकरीला आणि संसाराला लागल्या, तरी ही नाती सुटली नाहीत. आमच्या परळ शाखेत साठीच्या एका बाईची थोरली सत्तरीची आहे आणि धाकटी अजून तिच्यासमोर पाय पसरून बसत नाही.

मी संघात आले ती महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर. मला थोरली नाही, धाकटीही नाही. बायका सभेला बसल्या की त्यांच्या पोरांना गच्चीलगतच्या खोलीत घेऊन बसायचं, गोष्ट सांगायची, पाढे म्हणून घ्यायचे, शेवटी खाऊ द्यायचा, एवढंच माझं काम. पोरांमुळं सगळ्याच मला 'बाई' म्हणतात. फक्त कालिंदी 'शांता' म्हणते. आम्ही एका वयाच्या.

कालिंदी आमची शाखाध्यक्षा. गिरगावात राहते, बँकेत मोठ्या हुद्द्यावर होती. भोईवाड्यातली आमची जागा तिच्या खटपटीमुळंच टिकली, हे कुणीही कबूल करील. एक सभागृह, त्यामागं एक लहान खोली आणि वर माझा वर्ग. मागच्या त्या खोलीला आम्ही आधारखोली म्हणतो. तिथं दोन खाटा, एक शेगडी, पाण्याचा पिंप आणि कोर्टाच्या मागच्या भिंतीकडं उघडणारी खिडकी आहे. संघातल्या एखादीवर घर सोडायची वेळ आली तर तिनं तिथं येऊन राहायचं. कारण विचारायचं नाही, किती दिवस तेही विचारायचं नाही.

ही खोली सीमानं सुरू केली. सीमा लालबागची. वडील गिरणीत होते. संपानंतर घर चाललं ते आईच्या खानावळीवर. सीमा कॉलेजात असताना कालिंदीनं तिला संघात आणलं, तिची थोरली झाली, स्पर्धेत भाषण करायला लावलं, पतपेढीत नोकरीला अर्ज करायला लावला. सीमाच्या लग्नात आईच्या शेजारी कालिंदी उभी होती. तिच्या मुलीचं, मनूचं, नावसुद्धा कालिंदीनंच सुचवलेलं.

सध्या खोलीत प्राची होती. शिवडीची. नवरा गोदामातल्या मालावर देखरेख करायचा आणि घरी आला की हात उचलायचा. तान्ह्या मुलाला घेऊन ती उन्हाळ्यात आली. तिचा खटला पलीकडच्याच कोर्टात चालू होता. तारखेच्या दिवशी पोराला माझ्याकडं ठेवायची आणि रस्ता ओलांडून जायची. नवऱ्यानं एकदा जिन्यापर्यंत मजल मारली होती. सीमा पायरीवर बसून राहिली आणि तिनं त्याला वर सोडला नाही. भांडली नाही, नुसती वाटेत बसली. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "बाई, माझं वजन पहिल्यांदा कामाला आलं."

मग दिल्लीहून नेतृत्व आराखडा आला. जुन्या अध्यक्षांनी जागा सोडायची, पुढची फळी उभी करायची, हे त्यात होतं आणि ते बरोबरच होतं. पण आणखी एक गोष्ट होती. सदस्यांना आधार द्यायचा तो आता देशभर एकाच फोन नंबरावरून. तिकडं शिकलेल्या मुली बसणार, ऐकून घेणार, सल्ला देणार. शाखांमधल्या खोल्या मोकळ्या करून तिथं नेतृत्वाचे वर्ग घ्यावेत, अशी सूचना होती. सक्ती नव्हती. खोली ठेवायची की नाही, हे नव्या शाखाध्यक्षेनं ठरवायचं.

नावं दोनच होती. सीमा आणि वैदेही. वैदेही दादरची, एका मोठ्या कंपनीत माणसं निवडण्याच्या आणि घडवण्याच्या खात्यात. हुशार, मेहनती, तोंडावर गोड आणि पाठीमागंही गोडच. खोलीबद्दल तिचं मत तिनं लपवलं नाही. सगळ्यांसमोर म्हणाली की एका वेळी एका बाईला जागा देण्यापेक्षा शंभरजणींना उभं राहायला शिकवलं तर जास्त चांगलं नाही का. सीमानंही लपवलं नाही. म्हणाली, उभं राहायला शिकेपर्यंत बसायला जागा लागते. वयानं आणि कामानं सीमा आधीची होती, म्हणून रीतीप्रमाणं आधी तिला विचारलं जाणार होतं. तेव्हा प्रश्न सरळ होता. सीमा अध्यक्षा झाली तर प्राची राहणार, नाही झाली तर जाणार.

सभेच्या आधी काही दिवस मी गिरगावात कालिंदीकडं गेले. तिनं पोहे केले होते. थोडे खाल्ल्यावर "आणखी घे" म्हणाली. मी सवयीनं "नको" म्हटलं आणि तिनं पातेल्यावर झाकण ठेवलं. मग माझं तोंड बघून हसली. म्हणाली, "आमच्याकडं आता आग्रह बंद केलाय गं. सुनेचा नियम आहे. नको म्हणजे नको. घरोघरी साखरेचे आजार, कशाला एकमेकांना मारायचं?"

मीही हसले. मग तिनंच सीमाचा विषय काढला. सीमा गुणाची आहे, जीव लावते, असं बराच वेळ बोलली. मी वाट बघत होते. मुलांना शिकवताना एक कळतं, पोर जेव्हा आधी खूप कौतुक सांगतं तेव्हा पाटी फुटलेली असते.

"पण शाखेला एक चेहरा लागतो गं," ती म्हणाली. "दिल्लीच्या बैठकीत सीमा उठून बोलतेय, असं डोळ्यांसमोर आणून बघ."

मी म्हटलं, "आणलं. काय बिघडलं?"

"हिंदीत पण मालवणी बोलते ती."

"तू विचारणार आहेस ना तिला?"

"विचारणार म्हणजे? मी तिची थोरली आहे," कालिंदी म्हणाली आणि उठून चहा टाकायला गेली. पातेल्यावरचं झाकण तसंच होतं.

मला त्या झाकणानं घोर लावला. दुसऱ्याच दिवशी पतपेढी सुटायच्या वेळेला मी लालबागला गेले. सीमा मनूला क्लासमधून घेऊन येत होती. मसाल्याच्या दुकानांच्या रांगेत, मिरचीच्या वासात आम्ही बाजूला उभ्या राहिलो. मनू शिंकत होती. मी सीमाला आडवळण न घेता सांगितलं की या वेळी पहिल्यांदा विचारलं की लगेच हो म्हण. तिसऱ्याची वाट बघू नकोस.

ती आधी हसली. तिला वाटलं मी गंमत करतेय. मग म्हणाली, "असं कसं बाई? हावरट म्हणतील मला."

"म्हणू देत."

"माझी आई काय म्हणायची माहितीये? पयल्या हाकेक उठता, तो हावरो." मग तिनं आईची एक गोष्ट सांगितली. मला ती नवी होती. खानावळीत गावाकडची पोरं जेवायची. महिन्याचे पैसे आधीच दिलेले असायचे, तरी दुसऱ्यांदा भात मागायला लाजायची. आई प्रत्येकाला तीन वेळा विचारायची. दोनदा तो नको म्हणायचा, तिसऱ्यांदा ताट पुढं करायचा. आई म्हणायची, पहिला नको त्याच्या आईवडिलांचा असतो, दुसरा लाजेचा. त्याचा स्वतःचा शब्द तिसरा. तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय कुणाचं ताट उचलायचं नाही.

"संघात आले ना, तेव्हा ही तीनदाची रीत ऐकली आणि मला वाटलं, हे तर आपलंच घर आहे," सीमा म्हणाली.

मी पुन्हा म्हटलं की कालिंदीचं मन मला या वेळी नीट दिसत नाही. तेव्हा मात्र ती जराशी दुखावली. माझ्या हातातली पिशवी स्वतःकडं घेत म्हणाली, "बाई, ती थोरली आहे माझी. माझ्या बाळंतपणात ती आठ दिवस दवाखान्यात बसून होती. ती मला तिसऱ्यांदा विचारणार नाही, असं होईल का?"

थोडं आणखी चढून बोलले असते तर मी दोन बहिणींत भांडण लावते असं झालं असतं. मनूची शिंक थांबेना, म्हणून आम्ही निघालो.

सभा रविवारी दुपारी होती. दिल्लीहून एक निरीक्षक बाई आल्या होत्या. पोरांनी सुरुवातीला गाणं म्हटलं, मनूनं मधेच कडवं चुकवलं आणि स्वतःच हसली. नंतर पोरांना मी मागच्या सतरंजीवर बसवलं. गप्प बसलात तर राजगिऱ्याचे लाडू, असं कबूल केलं होतं. प्राची दारापाशी पोराला मांडीवर घेऊन बसली होती. नवी सदस्य म्हणून तिला सभेत मत नव्हतं, पण तिथून उठायला कुणी सांगितलं नाही.

कालिंदी उभी राहिली. नारायणपेठी नेसली होती, आवाज नेहमीसारखा स्वच्छ. जुन्या दिवसांबद्दल चार शब्द बोलली, ते चांगलेच बोलली, दोघीतिघींनी डोळे पुसले. मग सीमाकडं बघून म्हणाली, "सीमा, शाखा सांभाळशील?"

"नको ताई," सीमा म्हणाली. "माझ्यापेक्षा मोठ्या आहेत इथं."

बायका हसल्या. त्यांना रीत माहीत होती. कालिंदीही हसली.

"पुन्हा विचारते. शाखा घेशील?"

"नको ताई. मला कुठं एवढं जमतंय."

हे म्हणताना सीमानं उजवा पाय चपलेतून बाहेर काढला. तिसऱ्याला उठायचं, अनवाणी पुढं जायचं, थोरलीच्या पाया पडायचं आणि 'बरं, तुमची इच्छा' म्हणायचं. मी मागून बघत होते, मला तो पाय दिसला. सीमा पहिल्या रांगेत होती. कालिंदी व्यासपीठावर होती. तिला तो माझ्यापेक्षा जवळून दिसत होता.

कालिंदी निरीक्षक बाईंकडं वळली आणि हिंदीत म्हणाली, "वो मना कर रही हैं."

त्या बाईंनी मान डोलावली. त्यांचा काय दोष? त्यांच्या कानांनी दोनदा नकार ऐकला होता.

बायका एकमेकींकडं बघत होत्या. कुणीतरी बोलेल म्हणून मी थांबले. पण विचारायचा हक्क थोरलीचा, मधे बोलायची पद्धत नाही, आणि आमच्या बायका पद्धत फार पाळतात. मला ना थोरली ना धाकटी, म्हणून मी उठले. सतरंजीवरून उठायला मला वेळ लागतो, त्यामुळं सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या.

"कालिंदी," मी म्हटलं, "तिसऱ्यांदा विचार."

कालिंदी रागावली नाही. ती इतकी गोड हसली की ते हसू अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

"अगं शांता, ही काय खानावळ आहे, ताटात आणखी भात वाढायला?"

सभागृह हसलं. मोठ्यानं हसलं. नुसती गंमत म्हणून हसल्या बायका, खानावळ कुणाची होती हे त्यांतल्या बऱ्याचजणींना आठवलंही नसेल. कालिंदीला आठवत होतं. ती त्या खानावळीत जेवलेली होती.

मी सीमाकडं पाहिलं. मला वाटलं, आता उठेल. म्हणेल, मला हवंय. एवढे दोन शब्द. तिचा एक पाय अजून फरशीवर होता. तिनं तो हळूच चपलेत घातला.

वैदेहीची थोरली सभेला नव्हती, म्हणून तिलाही मग कालिंदीनंच विचारलं. ती पहिल्याच विचारण्याला उठली आणि म्हणाली, "हो, मला आवडेल." निरीक्षक बाईंनी लगेच टाळ्या सुरू केल्या. म्हणाल्या, असा आत्मविश्वास हवा, हीच पुढची फळी. सीमानंही टाळ्या वाजवल्या. नंतर वैदेही तिच्याकडं गेली, तिचे हात धरले आणि मनापासून म्हणाली की सीमाताई, तुम्ही हो म्हटलं असतं तर मी तुमच्या हाताखाली आनंदानं काम केलं असतं. ते खरंच होतं. वैदेही खोटं बोलत नाही. तिला जिथं वाढवलं तिथं नको म्हणजे नको, आणि हो म्हणजे हो. यात वाईट काय आहे, असं मला कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही.

चहाच्या वेळी मी कालिंदीला खिडकीपाशी गाठलं. म्हटलं, "तुला तिचा पाय दिसला होता."

"कुठला पाय?" म्हणाली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "दिल्लीच्या नियमात एकदाच विचारायचं असतं. मी दोनदा विचारलं. आणि जिला शाखा चालवायचीय, तिला साधं हो म्हणता येऊ नये?"

"तू तिची थोरली. तू शिकवलंस का तिला कधी हो म्हणायला?"

तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. "चहा गार होतोय, शांता," म्हणाली.

सीमा जिन्यात बसली होती, ज्या पायरीवर ती त्या दिवशी प्राचीच्या नवऱ्याला अडवून बसली होती तिथंच. मनू तिच्या मांडीवर डोकं ठेवून लाडू खात होती. मी शेजारी बसले. तिनं मनूला जवळ ओढून मला जागा करून दिली. मग म्हणाली, "बाई, तिसरा हो मी तोंडात धरून बसले होते."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाला बोलणार? विचारलंच नाही ना कुणी." मनूच्या फ्रॉकवर सांडलेला राजगिरा ती एकेक करून वेचत होती. "आपण होऊन म्हटलं असतं तर ते मागणं झालं असतं. शाखा मिळाली असती एखादवेळेस. पण तिनं दिली असं झालं नसतं."

मला तिचा राग आला, हे खरं सांगते. तुला खोली हवी होती की थोरलीच्या हातचं देणं, असं विचारावंसं वाटलं.

वैदेहीनं काम झटपट सुरू केलं. भिंतींना रंग काढायचा ठरला, खुर्च्या आल्या. ती प्राचीशी स्वतः बोलली, आणि चांगलं बोलली, मी तिथं होते. प्राचीच्या पोराला मांडीवर घेऊन बसली. नवा फोन नंबर प्राचीच्या मोबाइलमध्ये घालून दिला, कधीही फोन कर म्हणाली. कोर्टाच्या कामाला वकील बघून देते म्हणाली. शेवटी तिनं विचारलं, "तुला अजून थोडे दिवस हवेत का? तसं असेल तर रंगाचं काम मी पुढं ढकलते."

प्राची म्हणाली, "नको ताई. होईल काहीतरी."

"नक्की ना?"

"हो ताई. तुम्हाला कशाला त्रास."

वैदेहीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. तू फार खंबीर आहेस, म्हणाली. मला ते दोन्ही बाजूंनी दिसत होतं. वैदेही खाली उतरल्यावर मी प्राचीला म्हटलं, अगं, तू हो म्हणायला हवं होतंस. ती म्हणाली, "बाई, त्या एवढ्या चांगल्या बोलत होत्या. त्यांना कसं सांगायचं?" मी तिला माझ्या घरी चल म्हटलं. माझी एक खोली, त्यात मी आणि भावाची अंथरुणाला खिळलेली बायको, हे तिला ठाऊक होतं. त्यालाही नको म्हणाली. तिला मी आणखी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ती पोराचे कपडे पिशवीत भरत राहिली.

सीमानं सभेनंतर शाखेत यायचं सोडलं होतं. नवरा मनूला माझ्या वर्गाला सोडायचा आणि घेऊन जायचा. प्राची नवऱ्याकडं परत गेल्याचं तिला कळलं तोवर दोन दिवस झाले होते. ती पतपेढीतून थेट शिवडीला गेली. काय झालं ते तिनं मला नंतर सांगितलं.

प्राचीनं दार अर्धं उघडलं. आत ये म्हणाली नाही. गालावर पावडर जास्त होती. सीमानं विचारलं, "माझ्याकडं येतेस? जागा आहे." जुनं घर नव्या बांधकामासाठी पाडल्यापासून ती भाड्याच्या दोन खोल्यांत राहते, सासूसकट. पण जागा आहे म्हणाली.

प्राची नको म्हणाली. सीमानं पुन्हा विचारलं. नको म्हणाली.

"मग मी तिसऱ्यांदा विचारलं, बाई," सीमा म्हणाली. "आईनं विचारलं असतं तसं विचारलं. तिसऱ्यांदा पण नकोच म्हणाली. मागं तो उभा होता."

त्यानंतर प्राचीचा मोबाइल लागत नाही. खटल्याच्या पुढच्या तारखेला मी कोर्टात जाऊन बसले होते. पुकारा झाला, कुणी आलं नाही. मागची खोली आता पांढरी झाली आहे. खाटा गेल्या, पिंप गच्चीत आहे, पोरं त्यावर तबला वाजवतात. शनिवारी तिथं नेतृत्वाचा वर्ग असतो. आपलं मत ठामपणे कसं मांडावं, हा पहिला धडा. मुली खूप येतात. दिल्लीच्या वार्षिक बैठकीत आमच्या शाखेचं कौतुक झालं आणि कालिंदीला शाल मिळाली. तिनं फोन करून मला ते सांगितलं. सीमा कशी आहे, हे तिनं विचारलं. एकदाच.

मी माझ्या वर्गात एक बदल केला. मोठ्यांना काही शिकवण्यात आता अर्थ नाही, पण पोरं अजून माझ्या हातात आहेत. मी त्यांना सांगितलं की कुणी काही दिलं आणि ते हवं असेल, तर पहिल्यांदाच हो म्हणायचं. नको असेल तर नको म्हणायचं. हवं असून नको म्हणायचं नाही. पोरांना हे सोपं जाईल असं मला वाटलं होतं. अजिबात गेलं नाही. खाऊचा डबा पुढं केला की माना आपोआप हलायच्या. नको, नको. कुठून शिकलेली असतात कोण जाणे. मी डबा मागं घ्यायची, थांबायची, पुन्हा पुढं करायची आणि म्हणायची, खरं सांग. महिना दीड महिना आम्ही हेच शिकत होतो. सगळ्यांत आधी मनूला जमलं.

परवा वर्ग सुटायच्या वेळी सीमा आली. नवरा कामाच्या पाळीवर होता म्हणून तिला यावं लागलं. ती आत आली नाही, दाराच्या चौकटीपाशी उभी राहिली. केस बरेच पांढरे झालेत. मी खाऊ वाटत होते. मनूपुढं डबा धरला आणि विचारलं, "लाडू हवा?"

"हो," मनू म्हणाली. मोठ्यानं, स्पष्ट. "दोन हवेत."

मी दोन दिले. मला इतका आनंद झाला होता की मी सीमाकडं बघून हसले.

सीमा चपला न काढता आत आली. तिनं मनूचा दंड धरला. "असं मागतात? कुणी शिकवलं तुला हे?"

मनूनं माझ्याकडं पाहिलं. तिचं तोंड लाडवानं भरलं होतं, ते तसंच थांबलं.

"बाईंनी," ती म्हणाली.

सीमानं मान वर केली नाही. मनूच्या मुठीतून दुसरा लाडू सोडवून घेतला आणि परत माझ्या डब्यात ठेवला. मी म्हटलं, राहू दे गं सीमा, मुलीला घेऊ दे.

"नको बाई," सीमा म्हणाली.

डबा मी तसाच पुढं धरून उभी राहिले. पुन्हा म्हटलं, घेऊ दे. ती पुन्हा नको म्हणाली आणि मनूला घेऊन जिन्याकडं वळली. तिसऱ्यांदा म्हणायला मी तोंड उघडलं, तोवर दोघी खाली उतरल्या होत्या.